विकलेल्या प्रतीवरची मालकी

भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात 'साहित्यकृती' या संज्ञेची जी व्याख्या दिली आहे, तीत संगणकाच्या आज्ञावलींचाही समावेश होतो. १९८४ च्या दुरुस्तीने त्या तिथे आल्या. पुढे १९९४ च्या ट्रिप्स करारानेही संगणकाच्या आज्ञावलींना बर्न करारातील साहित्यकृतींप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे ठरवले. म्हणजे कायद्याच्या लेखी 'कोसला' आणि विंडोज ही एकाच जातकुळीची अपत्ये आहेत. साहित्य शिकवणाऱ्यांना याचे हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु हसून झाल्यावर एका गोष्टीचा विचार अवश्य करावा. साहित्यकृतीला मिळणारे संरक्षण ज्यांनी मागून घेतले, त्यांनी त्या संरक्षणाला परंपरेने पडलेल्या मर्यादाही स्वीकारायला हव्यात. लेखकाला आपल्या संहितेवर हक्क असतो. ती छापलेली पुस्तकाची प्रत मात्र विकत घेणाऱ्याची असते. या साध्या भेदावर ग्रंथव्यवहाराची इमारत उभी आहे. ॲपल कंपनीच्या कार्यप्रणालीविषयी गेली चार दशके जो वाद चालू आहे, त्यात नेमका हाच भेद पुसला गेला, आणि त्याची खंत फारशी कुणाला वाटलेली दिसत नाही.

वाद असा. संगणकाचे यंत्र आणि ते चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मायक्रोसॉफ्टची विंडोज कोणत्याही उत्पादकाच्या संगणकावर चालते; ॲपलची मॅक प्रणाली केवळ ॲपलच्याच यंत्रावर चालावी, असा त्या कंपनीचा आग्रह आहे. तिने ती इतरांच्या यंत्रांसाठी विकावी की विकू नये? या प्रश्नावर दोन पक्ष आहेत आणि माझे म्हणणे दोघांनाही रुचणारे नाही. आपली प्रणाली इतरांच्या यंत्रांसाठी तयार करून विकण्याची सक्ती ॲपलवर असू नये. न विकण्याचा तिचा निर्णय धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचाच होता. मात्र जी प्रत तिने उघड्या बाजारात पैसे घेऊन विकली, ती ग्राहकाने कोणत्या यंत्रावर चालवावी हे ठरवण्याचा अधिकार तिला नव्हता आणि नसावा. 'विकावे का' आणि 'विकल्यावर काय' हे दोन प्रश्न निराळे आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यामुळे या वादात सगळा घोळ झाला आहे.

आधी पहिल्या पक्षाचा समाचार घेऊ. हा पक्ष बाजारधर्मीयांचा. त्यांच्या आवडत्या कथेची सुरुवात एका टिपणापासून होते. मॅकिंटॉश बाजारात आला तो जानेवारी १९८४ मध्ये. जून १९८५ मध्ये बिल गेट्स यांनी ॲपलचे जॉन स्कली आणि झां-लुई गासे यांना एक टिपण पाठवले आणि मॅकचे तंत्र इतर उत्पादकांना परवान्याने द्यावे, म्हणजे ते सर्वमान्य प्रमाण होईल, असा सल्ला दिला. ॲपलने तो ऐकला नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात विंडोजची पहिली आवृत्ती आली, १९९० मध्ये तिसरी, १९९५ मध्ये विंडोज ९५. आणि जगातल्या बहुसंख्य मेजांवर गेट्स यांची प्रणाली विराजमान झाली. तात्पर्य, ॲपलने वेळीच ऐकले असते तर आज ती मायक्रोसॉफ्टच्या जागी असती!

ही कथा ऐकायला गोड असली तरी तिच्यात एक ढोबळ दोष आहे. मायक्रोसॉफ्ट त्या काळी संगणक विकत नव्हती. आपली प्रणाली दहा उत्पादकांना दिल्याने तिचे स्वतःचे एकही गिऱ्हाईक तुटणार नव्हते. ॲपलचे पोट यंत्रांच्या विक्रीवर भरत होते. तेव्हा तुलना करायचीच तर ती मायक्रोसॉफ्टशी नव्हे, आयबीएमशी केली पाहिजे. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पीसी आणला, त्याची कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली आणि ती इतरांनाही विकण्याची मुभा मायक्रोसॉफ्टकडे राहू दिली. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्पॅकने पीसीतील बायोस ही मूलभूत आज्ञावली नव्याने लिहून काढली, आणि पाहता पाहता आयबीएमच्या यंत्राच्या प्रतिकृती सर्वत्र तयार होऊ लागल्या. हातची सूत्रे परत मिळवण्यासाठी आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ ही नवी मालिका आणली. तिचा उपयोग झाला नाही. शेवटी डिसेंबर २००४ मध्ये तिने आपला पीसीचा व्यवसायच लेनोव्होला विकत असल्याचे जाहीर केले. म्हणजे खुलेपणाने ग्राहकाचे भले झाले, मायक्रोसॉफ्टचे झाले, इंटेलचे झाले. ज्या कंपनीने यंत्र घडवले, तिचे मात्र झाले नाही. बाजारधर्मीयांच्या कथेत हा उत्तरार्ध नसतो.

शिवाय ॲपलने हा प्रयोग करूनच पाहिला नाही, असेही नाही. १९९५ मध्ये तिने आपली प्रणाली पॉवर कम्प्युटिंग, रेडियस अशा कंपन्यांना परवान्याने दिली. पुढे मोटोरोला आणि युमॅक्सही आल्या. अपेक्षा अशी की, या कंपन्या विंडोजच्या ग्राहकांना मॅककडे ओढून आणतील. प्रत्यक्षात त्यांनी ॲपलचेच ग्राहक ओढले, आणि तेही महागडी, वेगवान यंत्रे घेणारे, म्हणजे ज्यांच्यावर ॲपलचा खरा नफा अवलंबून होता ते. पॉवर कम्प्युटिंगची यंत्रे स्वस्त होती आणि कित्येकदा ॲपलच्या यंत्रांहून वेगवानही. एका यंत्रामागे जो नफा गमवायचा, त्याच्या बदल्यात परवान्याचे जुजबी शुल्क पदरात पाडून घ्यायचे, असा हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. ॲपलच्या दुर्दशेला इतरही पुष्कळ कारणे होती, हे खरे. पण १९९६ च्या आर्थिक वर्षात एक्याऐंशी कोटी डॉलरांहून अधिक आणि १९९७ च्या वर्षात शंभर कोटींहून अधिक तोटा झालेल्या कंपनीला असली उदारता परवडणारी नव्हती. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज परत आल्यावर त्यांनी ती बंद केली. परवाने सातव्या आवृत्तीपुरते होते. येणाऱ्या आवृत्तीला 'मॅक ओएस ८' असे नाव देऊन कंपनीने त्यांतून अंग काढून घेतले आणि पॉवर कम्प्युटिंगचा मॅकविषयक व्यवसाय दहा कोटी डॉलरांच्या समभागांच्या बदल्यात विकत घेतला.

आणखी उदाहरणे हवी असतील तर तीही आहेत. जॉब्ज यांच्याच नेक्स्ट कंपनीने १९९३ मध्ये यंत्रे बनवणे थांबवून आपली प्रणाली इंटेलच्या संगणकांसाठी विकायला सुरुवात केली. नावलौकिक झाला, बाजार मिळाला नाही. अखेरीस डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलनेच ती कंपनी विकत घेण्याचा करार केला. आजची मॅक प्रणाली तिच्याच वंशातली आहे, हा इतिहासाचा विनोद. ज्यांना गेट्स यांचे टिपण गेले होते, त्या गासे यांनी पुढे बी नावाची कंपनी काढली. तिनेही आधी यंत्रे केली, मग ती सोडून प्रणाली इतरांच्या यंत्रांवर नेली, आणि २००१ मध्ये ती पामला विकली गेली. त्या पामने हातात मावणाऱ्या संगणकांची आपली प्रणाली हँडस्प्रिंग आणि सोनीला दिली, २००३ मध्ये यंत्रांची व प्रणालीची कंपनी वेगळी केली. दोन वर्षांत प्रणालीची कंपनी जपानच्या ॲक्सेसच्या हाती गेली. यंत्र विकून जगणाऱ्याने प्रणाली वाटायला घेतली की काय होते, हे सांगायला एवढे दाखले पुरेसे व्हावेत.

तेव्हा कंपनीच्या हिताचा प्रश्न मी तरी निकालात निघालेला समजतो. पण खरे आश्चर्य वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. या वादात भाग घेणारे बहुसंख्य लोक कंपनीच्या हिताचीच चर्चा का करतात? पुण्यात किंवा कोल्हापुरात बसून कॅलिफोर्नियातील एका कंपनीचा बाजारातील वाटा वाढावा की नफ्याची टक्केवारी वाढावी, यावर तावातावाने भांडणारी माणसे पाहिली की विचारावेसे वाटते, आपण यांचे मुनीम कधीपासून झालो? ज्यांच्या पेढीवर आपले खाते नाही, त्यांच्या खतावण्या आपण का तपासाव्यात? ग्राहक म्हणून, नागरिक म्हणून आणि साहित्याचे वाचक म्हणून आपला प्रश्न वेगळा आहे. तो 'त्यांनी काय केल्याने त्यांचे भले होईल' हा नाही. 'त्यांनी आपल्याला जे विकले त्यावर आपला हक्क किती' हा आहे.

इथे दुसरा पक्ष पुढे येतो. हा पक्ष सौंदर्यवाद्यांचा आणि आपल्या साहित्यिक वर्तुळाला तो सहज पटण्यासारखा आहे. यांचे म्हणणे असे की, मॅक ही एक संपूर्ण कलाकृती आहे. तिचे यंत्र आणि तिची प्रणाली यांत आशय आणि अभिव्यक्ती यांसारखे अद्वैत आहे. ज्यांना आज्ञावलींची खरी आस्था आहे त्यांनी यंत्रही स्वतःच घडवावे, अशा अर्थाचे ॲलन के यांचे विधान जॉब्ज आवडीने सांगत. मग परक्या यंत्रावर ती प्रणाली बसवणे हा त्या कलाकृतीचा भंग नव्हे काय?

एकाच हाताने दोन्ही गोष्टी घडवल्या की त्यांचा मेळ चांगला बसतो, हे मलाही मान्य आहे. विंडोजला असंख्य उत्पादकांच्या असंख्य सुट्या भागांशी जमवून घ्यावे लागते, आणि तिच्या बऱ्याच दुखण्यांचे मूळ तिथे आहे. पण मेळ चांगला बसतो म्हणून वेगळे करणे निषिद्ध ठरत नाही. आशय-अभिव्यक्तीचे अद्वैत संहितेच्या आत असते. संहिता आणि कागद यांच्यात नसते. ज्ञानेश्वरी तेराव्या शतकात सांगितली गेली. ती पोथ्यांतून लिहिली गेली, शिळाप्रेसवर छापली गेली, खिळ्यांनी जुळवली गेली, ऑफसेटवर निघाली आणि आता पडद्यावर वाचली जाते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी त्यात स्वतःच्या ओव्या घुसडू नयेत, असे कडक शब्दांत बजावून ठेवले. संहितेची काळजी असणाऱ्याचा अधिकार कुठपर्यंत जातो, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. पाठ भ्रष्ट करून तो माझ्या नावावर खपवू नका, असे म्हणण्याचा हक्क निःसंशय आहे. पण ही पोथी पैठणच्याच सुताराने केलेल्या व्यासपीठावर ठेवून वाचावी, अन्यत्र वाचणारा चोर समजला जाईल, असे एकनाथांनी म्हटले नाही. म्हटले असते तर वारकऱ्यांनी ते ऐकलेही नसते.

शिवाय हे अद्वैत खुद्द कंपनीनेच एका बाजूने मोडले होते. जून २००५ मध्ये ॲपलने इंटेलच्या प्रक्रियकांकडे वळण्याचे जाहीर केले. जानेवारी २००६ मध्ये तशी पहिली यंत्रे आली. आणि एप्रिल २००६ मध्ये कंपनीने स्वतःच बूट कॅम्प नावाची सोय दिली, जिच्यामुळे मॅकच्या यंत्रावर चक्क विंडोज बसवता येऊ लागली. आमच्या घरात परका पाहुणा चालेल, पण आमच्या लेकीने परक्या उंबऱ्यात पाऊल ठेवले तर कोर्टात खेचू, असा हा न्याय. यात सौंदर्यदृष्टी कमी आणि हिशेब जास्त आहे. हिशेबाला माझी हरकत नाही; त्याला कलेचे सोवळे नेसवण्याला आहे.

आता कायद्याकडे वळू, कारण विकल्यावर काय या प्रश्नाचा निवाडा तिथे झाला आहे. अमेरिकेतील बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने एका कादंबरीच्या प्रतींवर सूचना छापली होती की, ही प्रत एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकल्यास तो प्रताधिकाराचा भंग समजण्यात येईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती एकोणनव्वद सेंटला विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०८ मध्ये निकाल लागला की, प्रत एकदा विकली की तिच्या पुढील विक्रीवर अशा अटी लादण्याचा अधिकार प्रताधिकारात येत नाही. आज आपण रस्त्यावरच्या रद्दीतून जुनी पुस्तके निर्धास्तपणे घेतो, ग्रंथालये पुस्तके फिरवतात, मित्राला वाचायला दिलेले पुस्तक परत येत नाही, या सर्व पुण्यव्यवहारांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

मग ॲपलला आपली अट पाळायला लावता आली कशी? ऑक्टोबर २००७ मध्ये मॅक ओएस एक्सची लेपर्ड ही आवृत्ती १२९ डॉलरांना दुकानात मिळत होती. खोके, तबकडी, किंमत, पावती, सगळे एखाद्या ग्रंथाप्रमाणे. आत मात्र परवान्याचा मजकूर होता की, ही प्रणाली ॲपलची मुद्रा असलेल्या संगणकावरच बसवता येईल. एप्रिल २००८ मध्ये फ्लोरिडातील सायस्टार या छोट्या कंपनीने साधे संगणक जुळवून त्यांवर लेपर्ड घालून विकायला सुरुवात केली आणि जुलैमध्ये ॲपलने तिच्यावर दावा लावला. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायाधीश विल्यम ॲल्सप यांनी ॲपलच्या बाजूने निकाल दिला. सप्टेंबर २०११ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो उचलून धरला. निकालाचा पाया असा की, ग्राहकाला प्रत विकलेली नसून ती वापरण्याचा परवाना दिलेला आहे. सबब विकलेल्या प्रतीचे तत्त्व इथे लागू होत नाही.

सायस्टारची कड मी घेत नाही. तिने प्रत्येक यंत्रासोबत एक खोके दिले खरे. पण प्रत्यक्षात एका सुधारलेल्या मूळ प्रतीवरून नकला काढून त्या यंत्रांवर घातल्या, वर ॲपलने घातलेली कुलपेही चुकवली. हा एकनाथांनी निषिद्ध मानलेला प्रकार झाला: पाठही बदलला आणि बदललेला पाठ विकलाही. त्या कंपनीला दंड झाला याचे दुःख नाही. दुःख आहे ते दंड करताना जे तत्त्व मान्य केले गेले त्याचे. एकट्यादुकट्या माणसाने दुकानातून खोके आणून, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरच्या संगणकावर ती प्रणाली बसवली, तरी परवान्याच्या लेखी तोही दोषी. पुस्तकात पेन्सिलीने खुणा करणारा वाचक आणि चोरटी आवृत्ती छापणारा प्रकाशक यांना एकाच दोरखंडाने बांधणारे हे तत्त्व आहे.

'विकत नाही, परवाना देतो' ही शब्दांची हातचलाखी आहे. दुकानदार पैसे एकरकमी घेतो, मुदत ठरवत नाही, वस्तू परत मागत नाही. मराठीत या व्यवहाराला विक्री म्हणतात. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही तेच म्हटले: जुलै २०१२ मध्ये यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात त्याने निर्णय दिला की, एकरकमी मोबदल्यात बेमुदत वापराचा हक्क दिला असेल तर त्याला परवाना म्हणा वा काहीही, ती विक्रीच होय. यंत्र आणि प्रणाली यांच्या सक्तीच्या गाठीविषयी तर अमेरिकेतील त्याच नवव्या सर्किटने १९८४ मध्ये डिजिडाइन कंपनीच्या खटल्यात वेगळा सूर लावला होता. डेटा जनरल ही कंपनी आपली कार्यप्रणाली केवळ आपल्याच नोव्हा यंत्रासोबत देत असे. ती सक्ती स्पर्धाविषयक कायद्याविरुद्ध आहे, असे तेव्हा न्यायालयाने मानले. सायस्टारनेही स्पर्धेचा मुद्दा मांडून पाहिला. पण एकटा मॅक म्हणजे काही स्वतंत्र बाजार नव्हे, असे सांगून तो २००८ मध्येच फेटाळला गेला. म्हणजे परवान्याची ही शाळा हा काही निसर्गनियम नाही. अन्य न्यायालयांनी, आणि एके काळी त्याच न्यायालयाने, वेगळा मार्ग दाखवला आहे.

ॲपलच्या बचावात एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १२९ डॉलर ही प्रणालीची पूर्ण किंमत नव्हती, असे तिचे समर्थक सांगतात. ज्याने आधीच मॅकचे यंत्र घेतले आहे आणि त्या किमतीत प्रणालीचा बराच खर्च चुकवला आहे, त्याच्याकडून घ्यायची ती वरकड रक्कम होती. २००९ ची स्नो लेपर्ड तर २९ डॉलरांना मिळे. यंत्र न घेणाऱ्याला त्याच भावात प्रणाली मिळणे म्हणजे जेवणाचे पैसे न देता केवळ वाढप्याची बक्षिशी देऊन उठणे होय.

मान्य. पण हा युक्तिवाद किमतीविषयी आहे, जागेविषयी नाही. त्याचे उत्तर बाजारात तेव्हाही उपलब्ध होते. जुनी आवृत्ती असणाऱ्यास एक भाव आणि नव्या ग्राहकास दुसरा भाव ही पद्धत मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी कित्येक वर्षे चालवली. ॲपललाही पूर्ण प्रतीची किंमत पाचशे वा हजार डॉलर ठेवता आली असती. ती कुणी घेतली नसती तर तो बाजाराचा कौल झाला असता. परक्या यंत्रावर प्रणाली नीट चालेल याची हमी आम्ही देत नाही, तक्रार घेऊन येऊ नका, असेही सांगता आले असते. प्रकाशक वाचकाच्या दिव्याची हमी कुठे घेतो? किंवा मुळात सुटी प्रत विकायचीच नाही, हाही रास्त मार्ग होता. या सर्व वाटा मोकळ्या असताना कंपनीने विक्रीचे पैसे आणि मालकीचा हक्क दोन्ही स्वतःकडे ठेवणारी वाट निवडली. आक्षेप या दुहेरी लाभाला आहे.

संहिता एका यंत्राला बांधली की काय होते, हे मराठी लिहिणाऱ्यांना तरी नव्याने सांगायला नको. डॉसच्या काळात संगणकावर देवनागरी उमटवण्यासाठी सी-डॅकचे जिस्ट कार्ड यंत्राच्या आत बसवावे लागे. अक्षर लिहायचे तर आधी एक विद्युत्पट्टी विकत घ्यायची. त्या काळाची ती गरज होती आणि तिने मोठे काम केले. नंतर अक्षरजुळणीच्या नाना प्रणाली आल्या. प्रत्येकीचा फाँट वेगळा, प्रत्येकीची संकेतावली वेगळी. कित्येकींना संगणकाच्या पाठीमागे लावायचे कुलूपही असे. एका मुद्रकाकडे जुळवलेला मजकूर दुसऱ्याकडे नेला की त्याची निरर्थक चिन्हे होत. जुळवणारा बदलला, कुलूप हरवले, संगणक मोडला की दिवाळी अंकांची, प्रबंधांची, कवितासंग्रहांची पानेच्या पाने डोळ्यांसमोर असून अवाच्य झाली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. ती घरोघरच्या संगणकांत पोहोचल्यावर मराठी मजकूर कुणा एकाच्या यंत्राचा मिंधा राहिला नाही. ज्यांनी हे भोगले आहे, त्यांनी तरी यंत्र आणि संहितेच्या सक्तीच्या लग्नाला सौंदर्यशास्त्राची मंगलाष्टके म्हणू नयेत.

यावर कुणी म्हणेल की हा वाद आता शिळा झाला. एका अर्थी झालाही आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये मॅव्हरिक्स ही आवृत्ती विनामूल्य देऊन ॲपलने प्रणाली विकणेच थांबवले. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने स्वतः आखलेल्या एम१ प्रक्रियकाची यंत्रे आणली, आणि जी अट तोवर परवान्याच्या कागदावर होती ती सिलिकॉनमध्ये कोरली गेली. जून २०२५ मध्ये तिने जाहीर केले की, टाहो ही आवृत्ती इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची. साध्या संगणकावर मॅक प्रणाली बसवून पाहणाऱ्या हौशी लोकांचा, 'हॅकिंटॉश'वाल्यांचा खेळही त्याबरोबर संपत आला.

पण याच क्षणी प्रश्न उलटा होऊन आपल्यासमोर येतो. इंटेलचा मॅक प्रो ॲपल जून २०२३ पर्यंत विकत होती. तो घेणाऱ्याला दोनच वर्षांनी कळले की, पुढची आवृत्ती आपल्यासाठी नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी काही काळ मिळतील. त्यानंतर एक धडधाकट, महागमोलाचे यंत्र केवळ त्याच्या कर्त्याने पाठ फिरवली म्हणून म्हातारे ठरेल. सुदैवाने इंटेलच्या मॅकवर लिनक्स बसवता येते. नव्या प्रक्रियकांच्या यंत्रांवरही परकी प्रणाली सुरू करण्याची वाट ॲपलने पूर्णपणे बुजवलेली नाही, याचे श्रेय तिला दिले पाहिजे. पण आतली रचना ती सांगत नाही, म्हणून असाही लिनक्सच्या मंडळींना यंत्राचा एकेक भाग चाचपडत, उलगडत प्रणाली लिहावी लागली. ज्या कंपनीने प्रणाली यंत्राशी बांधली, तिच्याच मर्जीवर यंत्राचे आयुष्यही बांधले गेले. सक्तीच्या गाठीची खरी किंमत ही आहे, आणि ती ॲपलच्या स्पर्धकांनी नव्हे, तिच्या निष्ठावंत ग्राहकांनी मोजायची आहे.

म्हणून मागणी नेमकी असावी. ॲपलने आपली प्रणाली साऱ्या जगाच्या यंत्रांसाठी विकावी, अशी आरोळी ठोकण्यात अर्थ नाही. ती तिने विकू नये, खुशाल. परंतु जी प्रत पैसे घेऊन दिली जाते ती विक्री समजली जावी आणि घेणाऱ्याने ती आपल्या घरात, आपल्या यंत्रावर, आपल्या जबाबदारीने वापरावी, याला कोणताही परवाना आड येऊ नये. आपल्या कायद्यात, प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याने ज्या कामासाठी आज्ञावली घेतली त्या कामासाठी तिची नक्कल वा रूपांतर करण्याची मुभा आहे. ग्राहकाच्या या हक्काला परवान्याच्या मजकुराने निष्प्रभ करता येणार नाही, असे कायद्यात स्पष्टपणे लिहिले जावे. आणि ज्या यंत्राची साथ कर्ता सोडतो, त्याच्या अंतर्रचनेची माहिती त्याने त्याच दिवशी प्रसिद्ध करावी, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्यावर नवी प्रणाली लिहिता येईल. यातली एकही अट पुस्तकांच्या जगाला नवी नाही. ज्यांनी कायद्याच्या दारात उभे राहून स्वतःला साहित्यिक म्हणवून घेतले, त्यांच्याकडून साहित्यिकांची ही जुनी रीत पाळून घेण्याचा आग्रह साहित्याच्या वाचकांनी तरी सोडता कामा नये.